दादाभाईंचे ते २० रुपये आले कुठून?

मृगजळ: दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये, हा दादाभाई नौरोजींचा आकडा प्रत्येक गाईडात सापडतो. तो काढला कसा, हे कुणीच सांगत नाही. आणि आर्थिक निःसारणाचा, म्हणजे भारताची संपत्ती इंग्लंडला वाहून जाते हा, विचार त्यांच्यापासूनच सुरू होतो का? निबंधाची सुरुवात कुठून धरू?

कोरांटी: १८४१ पासून धरा. त्या साली भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी ‘अ हिंदू’ या सहीने ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये पत्रं लिहून ईस्ट इंडिया कंपनी देश कसा लुटतेय ते इंग्रजांच्याच वर्तमानपत्रात सुनावलं. १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये लोकहितवादींची शतपत्रं आली. मात्र हिशेब मांडून दाखवला तो दादाभाईंनी: १८६७ मध्ये लंडनला ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे, मग १८७६ मध्ये मुंबईत. १९०१ हे त्यांच्या ग्रंथाचं साल. तेच सिद्धान्ताचं साल म्हणून ठोकून देतात, ते टाळा.

आता आकडा. वर्ष १८६७-६८. प्रांतवार लागवडीचं क्षेत्र, एकरी उतारा आणि भाव यांवरून शेतीचं उत्पन्न २७ कोटी ७० लाख पौंड. बियाण्याचे ६ टक्के वजा जाता २६ कोटी उरले. त्यात मीठ, अफू, कोळसा, कारागिरी, दूध-मासळी वगैरे धरलं, वर काही सुटलं असेल म्हणून ३ कोटी आणखी. एकूण झाले साधारण ३४ कोटी. लोकसंख्या १७ कोटी, म्हणजे माणशी २ पौंड. तेव्हाचे २० रुपये.

खरी करामत सरासरीत आहे. सरकारी अहवालांत जिल्ह्यांचे एकरी उतारे नुसते बेरजून जिल्ह्यांच्या संख्येने भागलेले असत. समजा, एका जिल्ह्यात १ लाख एकरांत एकरी ३०० पौंड (हे वजनाचे) धान्य, दुसऱ्यात १० हजार एकरांत ९००. सरकारी रीतीने सरासरी ६००. क्षेत्र धरून काढली तर जेमतेम ३५५! दादाभाईंनी हीच चूक पकडली.

मृगजळ: मग हे २० रुपये आजच्या दरडोई उत्पन्नाशी ताडून पाहता येतील?

कोरांटी: नाही. रेल्वे वाहतूक, नोकरी-पेशा यांना ते उत्पादन मानत नव्हते, आज सेवाही मोजतात. शिवाय ही सरासरी आहे. शेतमजुराच्या हातात एवढेही पडत नव्हते.

पाणवठा: रानडे वगळू नका. निःसारण त्यांना मान्य होतं, पण १८९० च्या पुण्यातल्या औद्योगिक परिषदेत त्यांनी बजावलं की इंग्लंडला जाणाऱ्या या खंडणीकडे बोट दाखवून हातावर हात धरून बसणं बरं नव्हे. भांडवल आणि कारखाने उभे करा. स्वदेशीही १९०५ ची नव्हे. सार्वजनिक काका (गणेश वासुदेव जोशी) १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादी घालूनच गेले होते.

आणि फुले. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. गोऱ्या अंमलदारांचे जबर पगार, पेन्शनी आणि लोकल फंडाचा (शेतसाऱ्यावरच्या जादा स्थानिक कराचा) बोजा त्यात आहेच, पण त्याच दमात कचेरीतले भटकामगार (ब्राह्मण कारकून-अंमलदार) कुणब्याला कसे नागवतात तेही आहे. पैसा विलायतेला जाण्याआधी गावातच कुणाच्या खिशातून निघतो, हे दादाभाईंच्या बेरजेत दिसत नाही. निबंधात या दोघांना शेजारी ठेवा.