किंग क्रिमसन (१९६९ ते १९७४): बदलत्या संचांचा हा एकच बँड मानावा का?

श्रवणभक्त

किंग क्रिमसन या इंग्लिश बँडचे १९६९ ते १९७४ या काळातले सातही स्टुडिओ अल्बम मी सध्या क्रमाने ऐकतो आहे. मुखपृष्ठांमागची नावे वाचताना मात्र गोंधळ उडतो. अवघ्या पाच-सहा वर्षांत चार ड्रमर आणि चार मुख्य गायक होऊन गेले, बासवादकही जवळजवळ तितकेच, आणि सगळीकडे आढळणारे नाव एकच, ते म्हणजे गिटारवादक रॉबर्ट फ्रिपचे. पहिल्या अल्बममधले भव्य, विषण्ण संगीत आणि १९७४ च्या 'रेड'मधले खडबडीत, जड वादन ही एकाच बँडची निर्मिती आहे, हे कानांना सहज पटत नाही. हा सुरुवातीपासून फ्रिपचाच बँड होता आणि बाकीचे वादक तो हवे तसे बदलत गेला, असे सर्रास म्हटले जाते. ते कितपत खरे आहे? वादक नेमके कोणत्या कारणांनी बाहेर पडले, आणि प्रत्येक बदलाने संगीतात काय बदलले, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

जुनी तबकडी

आपण उल्लेखिलेला समज १९७२ नंतरच्या काळाला बराचसा लागू पडतो, परंतु १९६९ च्या संचाला तो लावणे हा त्या संचावर अन्याय ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

या बँडचे मूळ इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोर्नमथ परिसरात आहे. ड्रमर मायकेल जाइल्स आणि त्याचा बासवादक भाऊ पीटर जाइल्स हे गाऊ शकणाऱ्या ऑर्गनवादकाच्या शोधात होते, आणि त्यांच्याकडे गेला तो फ्रिप, जो गातही नव्हता आणि ऑर्गनही वाजवत नव्हता. 'जाइल्स, जाइल्स अँड फ्रिप' या त्रयीचा १९६८ साली निघालेला एकमेव अल्बम हलक्याफुलक्या, काहीशा विक्षिप्त गाण्यांचा आहे, आणि पुढे वर्षभरात जे घडणार होते त्याची चाहूल त्यात फारशी लागत नाही. खरा बदल झाला तो इयन मॅक्डोनल्डच्या येण्याने. सॅक्सोफोन, बासरी, क्लॅरिनेट आणि कळफलक अशी अनेक वाद्ये हाताळणारा, लष्करी बँडमध्ये शिकलेला हा वादक आपल्यासोबत गीतकार पीटर सिनफिल्डलाही घेऊन आला. पीटर जाइल्स बाहेर पडल्यावर फ्रिपने आपला डॉर्सेटमधला जुना मित्र ग्रेग लेक याला गायक आणि बासवादक म्हणून बोलावले. जानेवारी १९६९ मध्ये लंडनमध्ये या संचाच्या तालमी सुरू झाल्या आणि बँडचे नाव सिनफिल्डने सुचवले.

पहिल्या अल्बमचे, म्हणजे 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग'चे, श्रेय नीट पाहावे. 'आय टॉक टू द विंड' आणि शीर्षकगीत ही दोन्ही गाणी मॅक्डोनल्ड आणि सिनफिल्ड यांची आहेत. उरलेल्या तिन्ही रचनांचे श्रेय पाचही जणांना दिलेले आहे. एकट्या फ्रिपच्या नावावर एकही रचना नाही. ज्या ध्वनीसाठी हा अल्बम ओळखला जातो, तो मेलोट्रॉनचा वाद्यवृंदासारखा पसरत जाणारा नादही मॅक्डोनल्डच्या हातचा आहे. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्याचे ध्वनिमुद्रण असलेली चुंबकीय फीत असते आणि ती साधारण आठ सेकंदांत संपते, त्यामुळे वादकाला दीर्घ स्वर धरण्यासाठी सतत पट्ट्या बदलत राहावे लागते. त्या मर्यादेतून त्याने जी भव्यता उभी केली, तिला तोड नाही.

एप्रिल १९६९ मध्ये लंडनच्या स्पीकईझी क्लबमध्ये पहिला कार्यक्रम, ५ जुलै रोजी हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी अफाट जनसमुदायापुढे वादन, ऑक्टोबरमध्ये अल्बम आणि त्याचे ब्रिटिश विक्री-यादीत पाचव्या स्थानापर्यंत पोहोचणे, असा तो वेग होता. लगेच झालेल्या अमेरिका दौऱ्यात मॅक्डोनल्ड आणि मायकेल जाइल्स यांनी बँड सोडण्याचा निर्णय घेतला. प्रवासाचा ताण त्यांना असह्य झाला होता आणि संगीत ज्या काळोख्या दिशेने चालले होते ती मॅक्डोनल्डला मानवत नव्हती. त्या वेळी, हे दोघे राहणार असतील तर आपणच बाहेर पडतो, अशी तयारी फ्रिपने दाखवली होती. परंतु हा बँड आमच्यापेक्षा तुझाच अधिक आहे, असे म्हणून त्यांनी ती नाकारली. माझ्या मते 'फ्रिपचा बँड' ही गोष्ट तिथून, आणि त्याने स्वतः न मागता, सुरू होते.

बेटावरचा श्रोता

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात पुढच्या अडीच वर्षांची भर घालतो, कारण हा काळ बहुतेक जण घाईने ओलांडतात आणि ते मला नेहमी खटकते.

डिसेंबर १९६९ मधल्या त्या दौऱ्याच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये किंग क्रिमसनसोबत द नाइस हा बँडही वाजवत होता, आणि तिथेच लेक आणि द नाइसचा कळफलकवादक कीथ एमर्सन यांच्यात नवा बँड काढण्याची बोलणी झाली. पुढे त्यातून एमर्सन, लेक अँड पामर उभा राहिला. त्यामुळे १९७० सालच्या 'इन द वेक ऑफ पोसायडन'वर लेक गातो खरा, पण तो निघण्याच्या वाटेवरच होता. एक गाणे तर फ्रिपचा शाळेपासूनचा मित्र गॉर्डन हॅस्केल याने गायले आहे. मायकेल जाइल्स आणि त्याचा भाऊ पीटर हे केवळ ध्वनिमुद्रणापुरते परत आले. मेल कॉलिन्सचा सॅक्सोफोन आणि जॅझ पियानोवादक कीथ टिपेट यांचा प्रवेशही इथेच होतो. अल्बमची मांडणी पहिल्या अल्बमच्या साच्यावर बेतलेली आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही तो ब्रिटिश यादीत चौथ्या स्थानापर्यंत, म्हणजे पहिल्यापेक्षा एक पायरी वर गेला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये 'लिझर्ड' आला. त्यात हॅस्केल गायक आणि बासवादक आहे, अँडी मॅककुलक ड्रम्सवर आहे, आणि एका भागात यस या बँडचा जॉन अँडरसन गातो. हा संच मंचावर कधीच उभा राहिला नाही, कारण तालमींच्या काळातच हॅस्केल निघून गेला आणि पाठोपाठ मॅककुलकही. डिसेंबर १९६९ ते एप्रिल १९७१ या सोळा महिन्यांत बँडने एकही जाहीर मैफल केली नाही, आणि त्याच अवधीत त्याचे दोन अल्बम बाजारात आले. 'लिझर्ड'मध्ये टिपेटच्या मंडळींचे जॅझवादन आणि रॉक यांची जी गुंफण आहे, ती प्रत्यक्ष मंचावर कशी वाजली असती हे आपल्याला कधीही कळणार नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

त्यानंतर गायकाचा शोध सुरू झाला. चाचणी देणाऱ्यांत ब्रायन फेरीही होता. त्याचा आवाज या संगीताला जुळत नव्हता, पण फ्रिप आणि सिनफिल्ड त्याच्यावर प्रसन्न झाले आणि त्याच्या रॉक्सी म्युझिक या बँडला व्यवस्थापक मिळण्यास त्यांची मदत झाली. अखेरीस बॉझ बरेलची गायक म्हणून निवड झाली, आणि मनासारखा बासवादक मिळेना म्हणून फ्रिपने त्यालाच बास शिकवला. हाच बॉझ पुढे बॅड कंपनी या बँडचा बासवादक म्हणून जगभर नावारूपाला आला. बॉझ, मेल कॉलिन्स आणि ड्रमर इयन वॉलेस यांच्या साथीने १९७१ च्या डिसेंबरमध्ये 'आयलंड्स' निघाला.

फ्रिपने एखाद्याला स्वतःहून जायला सांगितले याचे या काळातले ठळक उदाहरण म्हणजे सिनफिल्ड. दोघांच्या संगीताविषयीच्या कल्पना इतक्या दुरावल्या होत्या की १९७१ च्या अखेरीस फ्रिपने त्याच्यासोबत काम थांबवले. उरलेल्या तिघांशीही त्याचे जमेनासे झाले. त्यांना ब्लूज आणि मोकळ्या लयीचे वादन हवे होते, तर फ्रिपचे मन वेगळ्याच रचनांत गुंतले होते. फुटीचा निर्णय होऊनही १९७२ च्या सुरुवातीचा अमेरिका दौरा त्यांनी पूर्ण केला, आणि त्यातले कॅसेटवर नोंदवलेले कार्यक्रम 'अर्थबाउंड' या नावाने निघाले. ध्वनीचा दर्जा इतका सुमार होता की अमेरिकेतल्या कंपनीने तो अल्बम तिकडे काढलाच नाही. तरीही 'आयलंड्स'च्या शांत, जवळजवळ प्रार्थनेसारख्या शीर्षकगीतानंतर त्याच वादकांचे हे रांगडे वादन ऐकावे. एकाच संचात दोन वेगळे बँड कसे नांदत होते हे तेव्हा स्पष्ट कळते.

श्रवणभक्त

दोघांचेही मनापासून आभार. 'लिझर्ड' मी फारसे लक्ष न देता ऐकला होता, तो आता पुन्हा ऐकतो. १९७२ नंतरचा संच तुलनेने स्थिर दिसतो. तिथे बदल कमी होऊनही संगीत इतके अनपेक्षित का वाटते?

विषम ताल

याचे उत्तर माझ्या मते निवडीच्या पद्धतीत आहे. आधीच्या दोन वर्षांत फ्रिप रिकाम्या जागा भरत होता. १९७२ च्या उन्हाळ्यात मात्र त्याने सगळाच संच नव्याने जमवला. बिल ब्रुफर्ड हा यसचा ड्रमर, आणि यस तेव्हा यशाच्या शिखराकडे चालला होता. 'क्लोज टू द एज'चे ध्वनिमुद्रण संपताच तो बँड सोडून ब्रुफर्ड इकडे आला. फॅमिली या बँडमधून गायक आणि बासवादक जॉन वेटन आला, व्हायोलिनसाठी डेव्हिड क्रॉस आला, आणि मुक्त उत्स्फूर्त वादनाच्या वर्तुळातून तालवादक जेमी म्यूर आला. म्यूर ड्रम्सबरोबर साखळ्या, पत्रे आणि हाताशी येईल ती वस्तू वाजवत असे. गीते लिहिण्याचे काम वेटनचा मित्र रिचर्ड पामर-जेम्स याच्याकडे गेले.

म्यूर जेमतेम काही महिने राहिला. मार्च १९७३ मध्ये 'लार्क्स टंग्ज इन अॅस्पिक' प्रकाशित होण्याआधीच तो बँड सोडून स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठात गेला. मंचावर दुखापत झाल्याचे कारण तेव्हा जाहीर करण्यात आले होते. त्याचा प्रभाव मात्र त्याच्या वास्तव्यापेक्षा कितीतरी लांब पोहोचला. काटेकोर आणि नेटके वाजवणाऱ्या ब्रुफर्डने म्यूरकडून अनपेक्षिताला वाव देणे शिकले, आणि तो गेल्यावर त्याच्या वाट्याची तालवाद्येही स्वतःच्या मांडणीत सामावून घेतली.

आपल्याला संगीत अनपेक्षित वाटते त्याचे दुसरे कारण असे, की हा संच मंचावर पूर्वतयारीशिवाय बराच वेळ वाजवत असे. १९७४ चा 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' स्टुडिओ अल्बम म्हणून ओळखला जात असला, तरी त्यातली केवळ पहिली दोन गाणी संपूर्णपणे स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. बाकीचा मोठा भाग मैफलींतून घेतलेला आहे, विशेषतः २३ नोव्हेंबर १९७३ च्या अॅमस्टरडॅममधल्या मैफलीतून, आणि श्रोत्यांचे आवाज काढून टाकलेले आहेत. 'ट्रायो' ही रचना त्याच रात्री मंचावर आपोआप जन्मली. व्हायोलिन, बास आणि मेलोट्रॉन हळुवार चालू असताना ब्रुफर्ड काठ्या छातीशी धरून बसून राहिला आणि त्याने एकही ठोका दिला नाही. बाकीच्या तिघांनी हा संयम रचनेतला सहभागच मानला आणि श्रेयात त्याचेही नाव दिले. एकमेकांचे इतके बारकाईने ऐकणारे वादक रॉकमध्ये मला दुसरे आढळलेले नाहीत.

याच संचात क्रॉसची परवड झाली, हेही नोंदवायला हवे. वेटन आणि ब्रुफर्ड यांचे वादन जसजसे जड आणि मोठ्या आवाजाचे होत गेले, तसतसे व्हायोलिन त्याखाली दबले, आणि क्रॉसला अधिकाधिक वेळ कळफलकाकडे वळावे लागले. १ जुलै १९७४ रोजी न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली मैफल या संचाची अखेरची ठरली. तिच्यानंतर क्रॉस बाहेर पडला आणि 'रेड' तिघांनी केला. त्यावर इयन मॅक्डोनल्ड आणि मेल कॉलिन्स पाहुणे म्हणून परतले आहेत, आणि मॅक्डोनल्डला पुन्हा सदस्य करून घेण्याचा विचारही चालू होता. परंतु फ्रिपचे मन संगीत-व्यवसायातून उठले होते आणि आध्यात्मिक शोधाकडे वळले होते. सप्टेंबर १९७४ मध्ये त्याने बँड संपल्याचे जाहीर केले. 'रेड' त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये निघाला.

जुनी तबकडी

'विषम ताल' यांच्या उत्तरात एक भर. 'रेड'च्या शेवटी असलेली 'स्टारलेस' ही बारा मिनिटांची रचना मूळ प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. तिच्या गाण्याचा भाग वेटनने आणला होता, आणि आधीच्या अल्बमच्या वेळी तो इतरांना रुचला नाही. मधल्या भागातली, तणाव वाढवत नेणारी बासची आवर्तने ब्रुफर्डची आहेत. व्हायोलिनवर आकार घेतलेली तिची सुरुवातीची धून आपल्याला फ्रिपच्या गिटारवर ऐकू येते, आणि रचनेच्या श्रेयात बाहेर पडलेल्या क्रॉसचेही नाव आहे. वर सॅक्सोफोन कॉलिन्स आणि मॅक्डोनल्डचे. तेव्हा पाच वर्षांतल्या तीन वेगळ्या संचांची माणसे या एका रचनेत एकत्र येतात. त्याच मधल्या भागात फ्रिप एकाच स्वरावर किती वेळ थांबतो ते मुद्दाम ऐकावे. तो तिथे मागे राहतो म्हणूनच बाकीच्यांना पुढे येता येते, आणि त्याच्या नेतृत्वाचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. एकच बँड मानावा का, या प्रश्नाला माझे उत्तर म्हणूनच होकारार्थी आहे.

बेटावरचा श्रोता

मला तो होकार पूर्णपणे मान्य नाही. १९६९ चा संच मी वेगळाच मानतो, कारण त्याचा मुख्य रचनाकार दुसरा होता आणि तो गेल्यावर तसे संगीत पुन्हा झाले नाही. १९७० पासून पुढचे सारे मात्र एका सूत्रात बसते.

मूळ प्रश्नकर्त्यांना एक सुचवतो. स्टुडिओ अल्बमसोबत मैफलींची ध्वनिमुद्रणेही ऐकावीत. १९६९ च्या संचाचे 'एपिटाफ' आणि अॅमस्टरडॅमच्या मैफलीचे 'द नाइट वॉच' हे दोन्ही संग्रह १९९७ साली निघाले, आणि १९७३-७४ च्या मैफलींचा 'द ग्रेट डिसीव्हर' हा चार तबकड्यांचा संग्रह १९९२ मध्येच आला होता. 'ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन' हे गाणे या काळात मंचावर उतरलेला प्रत्येक संच वाजवत असे. 'एपिटाफ', 'अर्थबाउंड' आणि 'द ग्रेट डिसीव्हर' या तिन्हींतले त्याचे वादन लागोपाठ ऐकून मग आमच्या दोघांपैकी कोणाचे म्हणणे पटते ते अवश्य कळवावे.