मदत हवी आहे: संस्थेच्या सभांसाठी मेसन की रॉबर्ट?

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेची घटना नव्याने लिहायचं काम चालू आहे आणि गाडी एका कलमावर अडलीय: घटना जिथे गप्प आहे, तिथे सभा चालवण्याचं कोणतं नियमपुस्तक लागू धरायचं? एक सभासद 'मेसन्स मॅन्युअल'साठी हटून बसलेत. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांची विधिमंडळं तेच वापरतात, म्हणून ते सरस, असं त्यांचं म्हणणं. माझा कल १८७६ पासून चालत आलेल्या 'रॉबर्ट्स रूल्स'कडे. ते लिहिलंच साध्या संस्थांसाठी.

खरी धास्ती आहे चर्चा थांबवण्याच्या ठरावाची. रॉबर्टमध्ये त्याला दोन तृतीयांश मतं लागतात, मेसनमध्ये साधं बहुमत पुरतं. विधिमंडळात विधेयकांची रांग लागलेली असते, समितीत आधीच काथ्याकूट झालेला असतो, तिथे ठीक. पण वर्षातून एकदा भरणाऱ्या सभेत ५१ जणांनी ४९ जणांची तोंडं बंद करायची? (अध्यक्षांना आवडेल म्हणा.)

कुणाच्या संस्थेने मेसन स्वीकारलंय का? की रॉबर्ट ठेवून हवे तेवढे विशेष नियम वेगळे करून घ्यावेत? तुमच्या घटनेतल्या या कलमाचा मजकूर इथे टाकलात तर फार मदत होईल.