एकच कुत्रा, दोन जखमी, दोन बिलं : रेबीजच्या लसीबद्दल तातडीने मदत हवी

नमस्कार मंडळी. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्यापासून १८ किलोमीटर आत. मी नागपूरला खाजगी नोकरीत आहे, सध्या रजा टाकून घरी आलोय. परवा लसीचा सातवा दिवस आहे म्हणून घाईत लिहितोय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

शनिवारी संध्याकाळी वावरातून परतताना पिसाळलेल्या कुत्र्यानं माझ्या आईच्या पोटरीचा लचका तोडला. आमच्या सालदाराची सहा वर्षांची पोरगी मागून येत होती, तिचा हात फाडला. कुत्रा पळाला तो पुन्हा दिसला नाही. जखमेत हळद-तिखट भरायला दोघीतिघी धावल्याच होत्या. वहिनीनं त्यांना बाजूला सारलं आणि साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली जखमा धुतल्या. त्या एका गोष्टीसाठी मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

आईचं नाव माझ्या कंपनीच्या आरोग्य विम्यात आहे. कार्ड आहे, कॅशलेस होईल, असं म्हणून मी फोनवरून तिला तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात न्यायला सांगितलं. लसीसोबत जखमेत सीरमही टोचतात, लसीचा असर होईपर्यंत ते संरक्षण देतं. तिथं फक्त माणसाच्या रक्तापासून बनवलेलं सीरम होतं. वजन ५२ किलो, म्हणून ३०० युनिटच्या चार कुपी लागल्या. एक कुपी ५,४०० रुपये, म्हणजे सीरमचेच २१,६००. लसीचे आतापर्यंतचे दोन डोस ७६०, बाकी ड्रेसिंग वगैरे १,९००. एकूण २४,२६० रुपये. विमा कंपनीनं दिले शून्य. कारण लिहिलंय : २४ तास भरती नाही.

सालदारानं पोरीला रातोरात ऑटो करून यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. घोड्याच्या रक्तापासूनचं सीरम, लस, सगळं फुकट. खर्च झाला तो ऑटोचा १,२०० रुपये, आणि बापाची दोन दिवसांची हजेरी बुडाली. तिसऱ्या दिवसाचा डोस आमच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाला. आज मात्र तिथं सांगितलं, लस संपली, सोमवारी या. तो बिचारा मला विचारतो, "भाऊ, सोमवारलोक थांबलं तं चालते काय?" माझ्याकडे उत्तर नाही, आणि उत्तर चुकलं तर काय होतं हे आपण सगळेच जाणतो.

मला विचारायचंय ते असं. पोरीनं सोमवारपर्यंत थांबावं का? दुसरं, आईच्या कागदावर ०, ३, ७, १४, २८ असे पाच दिवस आहेत, पोरीच्या कागदावर १४वा दिवसच नाही. गरिबाची पोर म्हणून एक डोस कमी दिला की काय, ही शंका मनातून जात नाही. आणि माझ्या पॉलिसीत स्पष्ट छापलंय की लसीकरणाचा खर्च मिळणार नाही, 'चाव्यानंतरचे उपचार सोडून'. मग चाव्यानंतरच तर लस घेतली ना? सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काही होऊ शकतं का?

प्रतिसाद १

मी निवृत्त आरोग्य सहाय्यक आहे, अमरावती जिल्ह्यात नोकरी झाली. आधी पोरीचं बघा. सोमवारची वाट पाहू नका. परवा सकाळीच तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्या, कागद सोबत ठेवा. आधीचे डोस कुठं घेतले याला महत्त्व नाही. निघण्याआधी १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर फोन करून साठा विचारून घ्या. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना हेही सांगा की रुग्ण कल्याण समितीच्या, म्हणजे दवाखान्याच्याच स्थानिक समितीच्या, निधीतून स्थानिक खरेदी करता येते.

डोस कमी दिलेला नाही, ती शंका काढून टाका. सरकारी दवाखान्यात लस कातडीत देतात, दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०.१ मिलि, ०, ३, ७ आणि २८ या दिवशी. खाजगीत ती स्नायूत देतात, दर वेळी अख्खी कुपी, पाच वेळा. दोन्ही पद्धती सारख्याच मान्य आहेत. कातडीतल्या पद्धतीत एका कुपीत दोन ते पाच माणसं होतात, म्हणून सरकारला परवडतं. फक्त उघडलेली कुपी सहा ते आठ तासांत संपवावी लागते. म्हणून काही ठिकाणी 'अजून दोन पेशंट येऊ द्या' म्हणत माणसाला बसवून ठेवतात. तसं कोणी केलं तर ऐकू नका.

तुमच्या आईलाही उरलेले डोस सरकारी दवाखान्यात मोफत मिळतील. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे नाहीत, रेशनकार्डाचा रंग कोणी विचारत नाही. पद्धत बदलली तरी कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. पुढच्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रतिसाद २

विमा दाव्यांच्या कामात आहे म्हणून सांगतो. 'चाव्यानंतरचे उपचार सोडून' याचा अर्थ इतकाच की लस आहे एवढ्या कारणावरून दावा नाकारता येणार नाही. पण मूळ पॉलिसी भरतीच्या खर्चाची असते, आणि ती २४ तासांची अट याच्या वर बसते. चाव्याची लस घेऊन माणूस त्याच दिवशी घरी जातो, म्हणून नव्वद टक्के काय, जवळजवळ सगळेच दावे इथं अडकतात. तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाचं कलम आहे का ते आधी एचआरला विचारा. असेल तर बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी लावून पुन्हा दावा टाका. नसेल तरी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी पाठवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. कोणी 'एक रात्र भरती दाखवू' म्हणालं तर त्या नादी लागू नका.

फुले योजनेत आता ५ लाखांपर्यंत कवच आहे, पण ते भरती होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांसाठी. खात्री करायची तर १५५३८८ वर विचारा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी साडेदहाला ग्रामीण रुग्णालयात पोरीला सातव्या दिवसाचा डोस मिळाला, दोन्ही दंडांवर. आईलाही तिथंच दाखवलं, पुढच्या तारखा तिच्या कागदावर लिहून दिल्यात. चोवीस हजारांऐवजी त्या रात्री आईलाही पोरीच्याच ऑटोत बसवलं असतं, हे आता रोज मनात येतं. एचआरला मेल केलाय, बाह्यरुग्णाचं कलम नाही असं त्यांचं उत्तर आलं. तक्रार विभागाला पत्र उद्या टाकतो. अठ्ठाविसाव्या दिवशी कपाशीची वेचणी ऐन भरात असेल, तरी त्या दिवशी नागपूरहून येऊन दोघींना मीच गाडीत घेऊन जाणार आहे. सालदाराची त्या दिवसाची हजेरी माझ्याकडून.