पॉलिपला ‘मोड’ म्हणावं का?

विचारणा: आईची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, झाली. रिपोर्टात ‘पॉलिप’ आणि ‘एनबीआय’ असे शब्द आहेत. राजारामपुरीतल्या आमच्या शेजारच्या काकू म्हणतात, ‘‘मोडच की वो ह्यो, मलम लावा, जातोय.’’ मराठीत नेमकं काय म्हणतात?

उत्तर: मोड किंवा कोंब आपल्याकडं मूळव्याधीला म्हणतात. ती गुदद्वाराशी फुगलेल्या रक्तवाहिन्यांची तक्रार. पॉलिप ही मोठ्या आतड्याच्या अस्तरावर आलेली वाढ. त्यातला अ‍ॅडिनोमा हा प्रकार काही वर्षांनी कर्करोगात बदलू शकतो, म्हणून सापडला की शक्यतो त्याच तपासणीत काढून टाकतात. दोन्हींना ‘मोड’ म्हटलं की माणूस मलम लावून घरी बसतो, म्हणून या वापराला माझा ठाम विरोध आहे. ‘गाठ’ही नको, ऐकूनच घरात रडारड सुरू होते. सरळ पॉलिप म्हणा. प्रकार मात्र मराठीत छान सांगता येतात: देठाचा, बैठा, चपटा. नजरेतून सुटतो तो बहुधा चपटा.

एनबीआय म्हणजे नॅरो बँड इमेजिंग. ‘वर्धित प्रतिमांकन’ म्हणून आईला काय कळणार? ‘उजेड बदलून तपासणी’ म्हणा. दुर्बिणीतून ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा उजेडच टाकतात. तो रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्यामुळं बारीक रक्तवाहिन्यांची जाळी उठून दिसते आणि अ‍ॅडिनोमा बऱ्याचदा तपकिरी डागासारखा दिसतो.

आणखी एक: मग ‘रंग टाकून तपासणी’ म्हणतात ती हीच का?

उत्तर: नाही, ती क्रोमोएंडोस्कोपी. तिच्यात इंडिगो कार्माइनसारखा निळा रंग खरोखर फवारतात. तो अस्तरात मुरत नाही. उसाच्या सरीत पाणी थांबावं तसा खाचांत साचतो आणि चपट्या पॉलिपची कड दिसू लागते. मिथिलीन ब्लू मात्र पेशी शोषून घेतात.

यातलं काहीही वापरलं तरी आतडं स्वच्छ हवं. एनबीआयमध्ये उरलेला मळ आणि पित्त रक्तासारखं लाल दिसतं, मग डॉक्टरांनी शोधायचं काय? म्हणून जुलाबाचं औषध सांगितलं तेवढं सगळं प्यायचं. काकूंनाही हे जरूर सांगा.

आईच्या पॉलिपचा तुकडा तपासायला दिला असेल, तर त्या रिपोर्टात अ‍ॅडिनोमा लिहिलंय का ते बघा. पुढची कोलोनोस्कोपी कधी करायची, हे त्यावर आणि पॉलिप किती, केवढे होते यावर ठरतं.