रेडिएशन चालू असताना व्हिटॅमिनच्या गोळ्या

एकाने विचारलंय की वडलांचं घशाचं रेडिएशन चालू आहे, शेजारी म्हणतात व्हिटॅमिन ई सुरू करा, ताकद येईल. मी तर म्हणेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. रेडिएशनने पेशीत फ्री रॅडिकल्स (पेशीची मोडतोड करणारे अस्थिर कण) तयार होतात आणि कॅन्सरच्या पेशींचा डीएनए तुटतो तो बराचसा त्यांच्यामुळेच, आणि व्हिटॅमिन ईसारखं अँटिऑक्सिडंट नेमकं त्यांनाच पुसून टाकतं, मग ते कॅन्सरच्या पेशींनाही वाचवणार नाही कशावरून?

कॅनडात क्युबेकमध्ये यावर मोठी ट्रायल झाली होती, डोकं-मानेच्या कॅन्सरचे ५४० पेशंट, रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई आणि सुरुवातीला सोबत बीटा कॅरोटीन (गाजरात असतं ते, हेही अँटिऑक्सिडंटच; ते मध्येच बंद केलं). २००५ साली निकाल आले. गंमत म्हणजे गोळीवाल्यांना रेडिएशनचे साईड इफेक्ट खरंच कमी झाले, पण त्याच जागी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त दिसलं. नंतर बघितलं तर खरा फटका रेडिएशन चालू असतानाही सिगरेट ओढणाऱ्यांना बसला होता. म्हणजे वडील ओढत असतील तर आधी ती बंद करा, गोळ्यांचं नंतर बघू.

आणि हे सगळं हाय डोसच्या गोळ्यांबद्दल हां, जेवणातल्या फळं-भाजीबद्दल नाही. आमच्या मामांना तिसऱ्या आठवड्यात गिळताच येईना, तेव्हा मीठ-सोड्याच्या गुळण्या आणि गार केलेली पातळ पेज यावरच दिवस काढले. आवळ्याचा रस मात्र नको, तोंड आलेलं असताना नुसता झोंबतो.