एफटीआयआर पुरत नाहीये, पंप-प्रोब की ड्युअल कॉम्ब?

केमिस्ट्रीवाली:
द्रावणातली एक रिअ‍ॅक्शन आयआरमध्ये (इन्फ्रारेड प्रकाशात) बघायचीय, लाइट मारला की १०० मायक्रोसेकंदात सगळं आटपतं. आमच्या एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम मोजायचं यंत्र) आरसा सरकणार, मग इंटरफेरोग्राम (कच्चा सिग्नल), मग कुठे स्पेक्ट्रम, रॅपिड स्कॅनला टाकलं तरी मिलिसेकंदाच्या खाली उतरत नाही. लॅबमधला एक म्हणतो फेमटोसेकंद पंप-प्रोब कर, दुसरा म्हणतो ड्युअल कॉम्ब. दोन्ही अल्ट्राफास्टच ना?

फोटॉनभाऊ:
नाही हो, दोन वेगवेगळे "फास्ट" आहेत. पंप-प्रोबमध्ये एक पल्स (पंप) सुरुवात करून देतो, दुसरा (प्रोब) थोड्या वेळाने बघतो, म्हणून एका पल्सजोडीला एकच क्षण मिळतो, पुढचा क्षण हवा तर डिले स्टेज (प्रोबला उशीर करणारा आरसा) सरकवा आणि तीच रिअ‍ॅक्शन परत घडवा, असं हजारो वेळा. आरसा ०.१५ मिलिमीटर मागे घेतला की प्रोब १ पिकोसेकंद उशिरा पोचतो. १७०० वेव्हनंबरच्या (एका सेंटिमीटरमध्ये किती लहरी मावतात तो आकडा) सी-ओ डबल बाँडचं एक कंपन साधारण २० फेमटोसेकंदांचं, तिथलं काही बघायचं तर हेच लागतं. तुमच्या १०० मायक्रोसेकंदांसाठी आरसा १५ किलोमीटर न्यावा लागेल 😄 (इलेक्ट्रॉनिक डिले देतात, पण रिपीट करणं काही सुटत नाही.) सॅम्पल लाइटनंतर पूर्ववत होतं का?

केमिस्ट्रीवाली:
नाही, कायमचं बदलतं. आणि थोडंसंच आहे.

तरंगवेडा:
मग ड्युअल कॉम्ब. कॉम्ब म्हणजे कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावरच्या फ्रिक्वेन्सी देणारा लेझर. किंचित वेगळ्या रिपिटिशन रेटचे (दातांमधलं अंतर ठरवणारा पल्सचा वेग) दोन कॉम्ब एका डिटेक्टरवर पाडायचे, आयआरची माहिती बीट्स (दोन फ्रिक्वेन्सींमधला फरक) बनून रेडिओ फ्रिक्वेन्सीत उतरते, काहीही सरकत नाही. दोघांच्या रेटमधला फरक १ किलोहर्ट्झ असेल तर सेकंदाला १००० स्पेक्ट्रा, म्हणजे तुमचं काम नाहीच होणार. क्वांटम कॅस्केड लेझरचे (आयआर देणारा छोटा सेमीकंडक्टर लेझर) कॉम्ब घेतले तर फरक मेगाहर्ट्झमध्ये ठेवता येतो आणि एकाच शॉटमध्ये मायक्रोसेकंदांचं रिझोल्यूशन मिळतं. पण रेंज अरुंद, आणि दात ०.३ वेव्हनंबरच्या आसपास लांब लांब असतात, गॅसच्या बारीक रेषा त्यातून निसटतात. द्रावणातले पट्टे रुंद, तिथे फरक पडत नाही.

फोटॉनभाऊ:
पटलं. फक्त पट्टा कुठे येतो ते आधीच माहीत असेल तर कॉम्ब कशाला, ट्यूनेबल क्वांटम कॅस्केड लेझर त्या एका वेव्हनंबरवर लावा, पुढे फास्ट एमसीटी (आयआर टिपणारा) डिटेक्टर आणि ऑसिलोस्कोप, बस. माझं मत विचाराल तर सुरुवात इथूनच करा. आणि सॅम्पल पाण्यात असेल तर १६४५ला पाणीच सगळा प्रकाश खाऊन टाकतं, जड पाणी वापरा.

केमिस्ट्रीवाली:
पाण्यातच आहे आणि पट्टा १६५०चा 😭 जड पाणी मागवते.