‘तालुकदार’ म्हणजे नेमके कोण?

प्रश्न : अवधच्या (आजच्या उत्तर प्रदेशातील लखनौभोवतालच्या प्रांताच्या) इतिहासात ‘बलरामपूरचे तालुकदार’, ‘महमुदाबादचे तालुकदार’ असे उल्लेख येतात. हे तालुक्याचे अंमलदार होते काय? आणि मराठीत त्यांना जहागीरदार म्हटले तर चालेल काय?

उत्तर : अंमलदार मुळीच नव्हेत. आपल्याकडे तालुका हा जिल्ह्याचा भाग. अवधात मात्र तालुका म्हणजे एका घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आलेला गावांचा समूह. शब्द अरबी ‘तअल्लुक’वरून, म्हणजे ‘संबंध’वरून आला आहे. नवाबी काळात जो अनेक गावांचा सारा एकरकमी भरण्याची जबाबदारी घेई, त्याच्याशी ती गावे जोडली जात. त्यांत जुनी राजपूत घराणी होती, तसेच साऱ्याचा मक्ता घेऊन वर आलेले लोकही होते.

फेब्रुवारी १८५६मध्ये कंपनीने अवध खालसा केले आणि पुढच्या जमाबंदीत अनेक गावे तालुकदारांकडून काढून थेट गावकऱ्यांच्या नावे लावली. १८५७च्या उठावात बहुतेक तालुकदार इंग्रजांविरुद्ध गेले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. मार्च १८५८मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंगने मोजकी नावे वगळून सगळ्या अवधातील जमिनीवरचे हक्क जप्त केल्याचे जाहीर केले. वगळलेल्यांत बलरामपूरचे दिग्विजय सिंह होते. जे शरण आले त्यांना जमिनी परत मिळाल्या आणि १८५९मध्ये सनदा दिल्या गेल्या. पुढे १८६९च्या कायद्याने तालुकदारांच्या याद्याच केल्या, आणि काही इस्टेटींत सगळी मिळकत एकाच वारसाकडे जावी असे ठरले. त्यामुळे कोशात दिसणारा ‘मोठा जमीनदार’ हा अर्थ मला ढिला वाटतो: नंतर कोणी कितीही गावे विकत घेतली, तरी तेवढ्याने तो तालुकदार ठरत नसे.

‘जहागीरदार’ टाळावे. मोगली जहागीर म्हणजे चाकरीच्या मोबदल्यात नेमून दिलेला महसूल, आणि ती बदलतही असे. सनदेनंतरचा तालुकदार मात्र सरकारला सारा भरणारा मालक होता. ‘वतनदार’ वंशपरंपरेपुरता जवळ येतो, पण वतनाला गावकीचे किंवा परगण्याचे काम जोडलेले असते. (गुजरातेतही तालुकदार होते, आणि मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी १८८८चा कायदा होता, ते प्रकरण वेगळे.) म्हणून ‘अवधचे तालुकदार’ असेच लिहावे. १ जुलै १९५२पासून उत्तर प्रदेशात जमीनदारी निर्मूलनाचा कायदा अमलात आला, तेव्हा त्यानंतरच्या काळाविषयी लिहिताना ‘माजी’ हे विशेषण जोडणे आवश्यक आहे.